अपघात पाहून थांबल्याबद्दल

गुरुवार, चार ऑगस्ट दोन हजार सोळा. सकाळी दहा वाजून चोपन्न मिनिटं. ठिकाण सहकारनगर, आमची बाहेरची खोली, टीव्हीसमोरची वेताची खुर्ची. तुम्हाला सांगतो, वेळ मी तेव्हाच लिहून ठेवली, कारण असल्या प्रकरणात पुढे सगळे म्हणतात, असं काही झालंच नव्हतं... तर दहा चोपन्नला पडदा लाल झाला आणि त्यावर इंग्रजीत मजकूर आला. भाषांतर करून सांगतो: आपण जाणूनबुजून मार्ग अडवल्यामुळे आपल्याला तीस दिवसांसाठी स्थगित करण्यात आले असून आपले या सीझनचे सर्व गुण शून्य करण्यात आले आहेत. करण्यात आले आहेत. कोणी केले? बत्तीस वर्षं या शहरात बातमीदारी केली मी, 'करण्यात आले' म्हणणाऱ्या साहेबाला मी कधी खुर्चीतून उठू दिलेलं नाही. करण्यात आले म्हणजे कोणीतरी केले. त्याचं नाव सांगा, हुद्दा सांगा. नाव आणि हुद्दा, एवढंच मागतोय मी.

आता खेळ वाईट असता तर मी बोललोच नसतो. खेळ उत्तम आहे. गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम आहे आणि इतका सुंदर आहे की वळणावर गाडी घातली की खुर्चीत बसलेला माणूस आपोआप कलतो, रस्ता ओला असेल तर चाकाखाली तो ओला लागतो, बोगद्यात शिरलं की आवाज बदलतो, बाहेर पडलं की डोळ्यांवर ऊन येतं... ज्यानं हे केलं त्याच्या हाताला सलाम. माझा पुतण्या अभिनव, तो आयटीत आहे, त्यानं नवीन यंत्र घेतलं आणि जुनं मला दिलं, म्हणाला, "काका, रिटायर झालात, आता लोकांना फोन करून त्रास देण्यापेक्षा हे खेळा." मी म्हटलं, मला गाडी चालवता येत नाही. येत नाही हो. बत्तीस वर्षं बातम्या दिल्या, सायकलच्या पुढे गेलो नाही. सव्वीस वर्षं दत्तोबाच्या स्कूटरवर मागे बसलो.

दत्तोबा म्हणजे आमच्या पेपरचा फोटोग्राफर. लोणी काळभोरचा, घरचा ऊस, धाकटा भाऊ शेतात आणि हा कॅमेरा घेऊन पुण्यात. आमची विभागणी ठरलेली, हँडल त्याचं, वही माझी. स्कूटरचा नंबर चार हजार एकाहत्तर, पुढच्या काचेवर लाल अक्षरांत 'प्रेस'. शहरात कुठे काही पेटलं, कोसळलं, उलटलं की चार हजार एकाहत्तर हजर. मागच्या पावसाळ्यात दत्तोबा गोठ्यात घसरला, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, दुचाकी बंद, कायमची. आणि हा हॉस्पिटलात पडलेला असताना मुलानं घर आवरायला काढलं आणि स्कूटर भंगारात दिली. नंबरप्लेटसकट. मुलाला काही वाटलं नाही. दत्तोबा काही बोलला नाही. बोललाच नाही, तीन आठवडे. शेवटी त्याची सून पूर्णिमा, पोरगी शहाणी आहे, तिनं मला फोन केला, "काका, मामंजी नुसते छताकडं बघत्यात, काहीतरी करा." मी म्हटलं, माझ्याकडे आहे तसला एक खेळाचा डबा आणा आणि टीव्हीला लावा.

लावला. पहिल्या दिवशी तासाभरानं कानातल्या यंत्रातून त्याचा आवाज आला, "सायेब, आज तुम्ही चालवा. म्या मागनं येतो."

सव्वीस वर्षांनी.

म्हणून सांगतो, खेळाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खेळाच्या भोवती या लोकांनी जे सरकारी कार्यालय बांधून ठेवलंय त्याच्याबद्दल. अहो, एकटा माणूस, एकटी गाडी, मोकळा रस्ता, कोणाशी स्पर्धा नाही, तरी इंटरनेट पाहिजे. इंटरनेट क्षणभर गेलं की गाडी रस्त्यावरून गायब, 'सर्व्हरशी संपर्क तुटला आहे'. अरे, मी सर्व्हरशी बोलतच नव्हतो. मी डोंगर बघत चाललो होतो. मध्येच थांबवता येत नाही, कारण खेळ ऑनलाइन आहे, दारावर गॅसवाला आला तरी गाडी पळतच राहते आणि झाडावर जाते. आणि शर्यत सुरू व्हायला बारा जण जमावे लागतात. बारा. तोवर बसा. हडपसरच्या गाडीतळावर सहाआसनी रिक्षा भरेपर्यंत सुटत नाही, मान्य, पण तिथून एक जण उतरला तर ड्रायव्हर बाकीच्या पाच जणांना उतरवून म्हणतो का, चला, पुन्हा पहिल्यापासून बसा? इथे म्हणतो. आणि शर्यत संपली की मी आणि दत्तोबा वेगळे. दर वेळी पुन्हा त्यानं मला बोलवायचं, मी हो म्हणायचं, तोवर त्याची खोली, म्हणजे ते बारा जण जमतात ती जागा, भरलेली. असं का केलं, हा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, बैठकीला कोण हजर होतं... नाव आणि हुद्दा.

पण आम्ही टिकलो. याचं कारण त्या खेळात जोडीची स्पर्धा होती. दहा शर्यती, दोघांनी मिळून खेळायच्या, दहाच्या दहा पुऱ्या केल्या की बक्षीस. बक्षीस म्हणजे काय तर नंबरप्लेट. तुमच्या गाडीला तुम्हाला हवा तो नंबर. दत्तोबानं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "सायेब, कुठलाबी नंबर देत्यात का हो?"

मी म्हटलं, "कुठलाही."

"चार आकडी?"

मी म्हटलं, "दत्तोबा, घेऊनच टाकू."

नऊ शर्यती झाल्या. सहा आठवडे लागले. पाच वेळा खोली फुटली, दोनदा सर्व्हर झोपला, एकदा मी समुद्रात गेलो. पण नऊ झाल्या. दहावी या गुरुवारी, कारण सीझन रविवारी संपत होता आणि शुक्रवार ते रविवार दत्तोबाची तपासणी, पट्टी, पाहुणे. आता गुरुवार म्हणजे आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाणार, हे मला नवीन आहे का? मी वीज कंपनीत आदल्या दिवशी फोन केला, कोणत्या भागात, किती ते किती, बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, सगळं लिहून घेतलं, तरी विश्वास ठेवला नाही, खालच्या श्रीनिवासरावांच्या इन्व्हर्टरवरून वायर वर घेतली. ते म्हणाले, "एवढं काय आहे हो?" मी म्हटलं, आहे. दत्तोबाला व्यायाम करून घेणारी बाई साडेदहाला जाते. दहा चाळीसला शर्यत सुरू.

आणि काय चालवली त्यानं, तुम्हाला सांगतो. खुब्यात लोखंड घातलेला चौसष्ट वर्षांचा माणूस, घाटातल्या वळणावर असा काही शिरला की मला स्कूटरवरची ती जुनी मागची कडी हातात आल्यासारखी वाटली. शेवटची फेरी. तो दुसरा, मी तिसरा. जिंकायचीही गरज नाही, नुसतं पोचायचं. दीड मिनिट राहिलं होतं.

आणि पुढची लाल गाडी उलटली.

वळणावर कठड्याला लागली, दोन कोलांट्या, छप्पर खाली, चाकं वर. धूर. आणि कानात दत्तोबाचा आवाज, हळू, एकदम कामाचा, "सायेब, पलटी हाय. थांबा."

मी थांबलो.

आता हसू नका. तुम्ही सव्वीस वर्षं पलटी झालेल्या गाडीजवळ थांबला असता तर तुम्हीही थांबला असता. पाय आपोआप ब्रेकवर... म्हणजे बोट. मी गाडी डाव्या बाजूला घेतली, मागचे दिवे लुकलुकायला लावले. दत्तोबानं पुढे जाऊन आडवी लावली, कारण ऊन त्या बाजूनं होतं. त्या खेळात फोटो काढायची सोय आहे, त्यानं ती लावली. माझ्या हातात पेन, मी लिहितोय, दहा बावन्न, घाट, उतारावर, लाल रंगाची, एकच वाहन... आणि मी विचारलं, "दत्तोबा, चालक?"

"आत कुणी न्हाई सायेब."

आणि दोघांनी एकदमच म्हटलं, "चालक फरार."

तेवढ्यात मागून नऊ गाड्या आल्या. पहिली मला लागली, दुसरी पहिलीला, तिसरी दत्तोबाला, एक आमच्या डोक्यावरून गेली, जगातल्या नऊ देशांतून नऊ पोरं नऊ भाषांत आमच्या आईबहिणींची विचारपूस करायला लागली... आणि आम्हा दोघांचेही पडदे लाल. जाणूनबुजून मार्ग अडवल्यामुळे.

मी त्याला म्हटलं, "दत्तोबा, बघतो मी." तो म्हणाला, "फोटू मात्र चांगला आलाय."

खाली एक बटण होतं, 'आपले म्हणणे मांडा'. दाबलं. आता म्हणणं मांडायला कागद नाही, जागा नाही, पाच कारणं दिलेली, त्यातलं एक निवडा. माझे इंटरनेट गेले. माझे खाते दुसऱ्याने वापरले. मला शिवीगाळ झाली. मी दिलगीर आहे. इतर. यात 'अपघात पाहून थांबलो' कुठे आहे? जगात कोणी अपघात पाहून थांबत असेल हे ज्याच्या डोक्यातच आलं नाही तो माणूस रस्ते बनवतोय. मी 'इतर' दाबलं. एका सेकंदात उत्तर. एका सेकंदात, म्हणजे वाचायलासुद्धा बसला नाही मेला. 'आम्ही आपल्या भावना समजू शकतो.' मी भावना कळवलेलीच नव्हती. मी घटना कळवत होतो.

अभिनवला फोन लावला. तो म्हणाला, "काका, चिल. ते सिस्टीम-जनरेटेड असतं. ॲक्च्युअली असं कोणी डिसाइड करत नाही."

मी म्हटलं, "निर्णय झालाय ना?"

"हो."

"आणि कोणी घेतलेला नाही."

"एक्झॅक्टली."

एक्झॅक्टली म्हणतो. अभिमानानं. मी म्हटलं, बाळा, माझ्या उमेदीच्या काळात फाइल दाबणाऱ्या कारकुनालासुद्धा एवढी अक्कल नव्हती, तो निदान टेबलाखाली लपायचा. तुम्ही टेबलच काढून टाकलंत. तर तो वैतागून बोलून गेला की यांचं मदतीचं ऑफिस खराडीत आहे, त्याचा मित्र तिथे होता. मग काय. पत्ता असलेला शत्रू म्हणजे अर्धी बातमी झाली.

शुक्रवारी सकाळी अर्ज लिहिला, दोन प्रती. एक त्यांना, एक आपल्याला, आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का, सही, तारीख, म्हणजे पोच. पोच घेतल्याशिवाय या देशात काहीही दिलेलं नसतं. दत्तोबाची तपासणी दुपारी, म्हणून पूर्णिमा त्याला गाडीत घालून लोणीहून परस्पर तिकडे घेऊन आली, पुढच्या सीटवर हा, मांडीवर वॉकर. काचेची इमारत, अकरा मजले, आणि दाराशी वही. वहीत रकाने: नाव, मोबाइल, कोणाला भेटायचे. रखवालदार साईनाथ नावाचा, वाशीमकडचा, मुलगा सभ्य होता. म्हणाला, "काकाजी, कोणाले भेटायचं ते नाव लिवा."

मी म्हटलं, "तेच विचारायला आलोय."

"नाव नाही लिवलं तं गेट उघडत नाही ना."

"नाव कळलं असतं तर मी फोन केला असता."

तो बिचारा विचारात पडला. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. पण रकाना रिकामा चालत नाही." मी रकान्यात लिहिलं, 'संबंधित अधिकारी'. उघडलं गेट. बघा, इतकी वर्षं या दोन शब्दांशी भांडलो आणि शेवटी त्यांनीच आत सोडलं.

खालच्या दालनात श्रद्धा नावाच्या एक बाई आल्या, गळ्यात पट्टा, गोड बोलणं. "सर, आय टोटली अंडरस्टँड, पण आम्ही कंप्लेंट फिजिकली ॲक्सेप्ट करत नाही."

"मग कशी करता?"

"गेममध्ये लॉगिन करून, सर. प्रोफाइलमध्ये जायचं, अपील म्हणून ऑप्शन आहे."

"लॉगिन केलं तर तो म्हणतो, आपण स्थगित आहात, प्रवेश नाही."

"हो सर. सस्पेंड असताना लॉगिन होत नाही."

"म्हणजे ज्याला स्थगित केलंय त्यानं सोडून बाकी सगळ्यांनी अपील करायचं."

तुम्हाला सांगतो, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो नोन इश्यू आहे, सर."

"कोणाला नोन आहे? त्याचं नाव आणि हुद्दा द्या."

"सर, टीमला."

टीम. पूर्वी 'वरून आदेश आहेत' म्हणायचे, तेव्हा निदान मान वर करून बघता तरी यायचं. मी म्हटलं, बाई, निदान पोच द्या. त्यांना पोच माहीत नाही. मी दत्तोबाकडे पाहिलं, तो वॉकर धरून उभा, बघतोय सगळं, म्हणाला, "ताई, शिक्का मारा वो, सायेबांचं समाधान हुईल." तर त्या अख्ख्या अकरा मजल्यांत शिक्का एकच, साईनाथकडे, कुरिअरचा. त्यानं दोन्ही प्रतींवर मारला, जपून, शाई नीट लावून. हा बघा, आणलाय मी. 'पार्सल मिळाले. नग: एक. फुटके: नाही. ओले: नाही.' फुटलेलं नाही म्हणून आपलं प्रमाणपत्र घेऊन बाहेर आलो.

बाहेर गाडीत बसताना दत्तोबा म्हणाला, "सायेब, रविवारपातूर हुईल का?"

मी म्हटलं, "होईल."

रविवारी सीझन संपला. मी कंपनीला त्या आठवड्यात एकोणीस फोन केले. एकोणिसाव्या वेळी तरी मला सांगायचं होतं की बातमी लिहितोय, तुमची बाजू द्या, पण पलीकडे संगीत. निवृत्त झालो तरी सवय आहे, मी वहीत लिहिलं, 'वारंवार संपर्क साधूनही संबंधित प्रतिक्रियेसाठी उपलब्ध होऊ शकले नाहीत.' हे वाक्य मी आयुष्यात हजारदा लिहिलंय आणि दर वेळी मनात एकच म्हटलंय, पळपुटे साले.

तीन सप्टेंबर, शनिवार. तीस दिवस पूर्ण. सकाळी साडेदहा. मी इकडे, दत्तोबा तिकडे, दोघांनी डबे लावले. नवीन सीझन, नवीन बक्षीस. नंबरप्लेट नाही, गाडीवर चिकटवायला एक कार्टूनचं अस्वल. खेळ सुरू होताना पडद्यावर वाट बघायला लावतात ना, तेव्हा मागे एक चित्र दाखवतात, तसं चित्र आलं. पडदाभर. घाट. सकाळचं तिरकं ऊन. उलटलेली लाल गाडी, चाकं वर, धुराची एक रेघ, आणि डाव्या कोपऱ्यात बाजूला घेऊन थांबवलेली, दिवे लुकलुकणारी माझी गाडी. खाली कंपनीचं नाव आणि एक ओळ, 'महिन्यातील सर्वोत्तम क्षण, आमच्या खेळाडूंच्या परिवाराकडून'.

फोटो काढला की तो आपोआप त्यांच्याकडे जातो, हे मला नंतर अभिनवनं सांगितलं. तक्रार जात नाही, फोटो जातो.

मी पेटलो. तुम्ही कल्पना करा. दहा बावन्नला थांबलो म्हणून फोटो निघाला, दहा चोपन्नला थांबलो म्हणून शिक्षा झाली, शिक्षा आणि फोटो दोन्ही एकाच कंपनीचे, आणि आता जगभर तो फोटो मिरवताय, खाली नाव नाही, हुद्दा नाही, परिवार म्हणे, कोण परिवार, कोणाचा परिवार, हा फोटो लोणी काळभोरच्या दत्तोबानं काढलाय, खुब्यात लोखंड असताना काढलाय, ऊन कुठून येतंय ते बघून काढलाय, त्याचं नाव कुठे आहे... मी टीव्हीसमोर उभा राहून बोलत होतो, कानातलं यंत्र चालूच. मी म्हटलं, "दत्तोबा, सोडायचं नाही. दुसऱ्याचा फोटो छापतात आणि नाव घालत नाहीत, ही चोरी आहे. हे कोणी ठरवलं, मला त्याचं नाव आणि हुद्दा पाहिजे."

पलीकडे वॉकर सरकवल्याचा आवाज आला.

मग दत्तोबा म्हणाला, अगदी सहज, "सायेब, मंडईत बटाट्याच्या गाळ्यांना आग लागली व्हती, आठवतंय? म्या पत्र्यावर चढलो व्हतो."

मी म्हटलं, "आठवतंय की. पहिल्या पानावर आली होती. सहा कॉलम."

"व्हय. वर तुमचं नाव व्हतं. खाली माझा फोटू." मग त्यानं विचारलं, "फोटूखाली काय व्हतं वो?"

मला आठवलं. 'छाया: प्रतिनिधी'. मग बाकीचे आठवले. पूल, मोर्चे, पूर, पलट्या. सव्वीस वर्षं.

"न्हाई, भांडान न्हाई सायेब," दत्तोबा म्हणाला. "नुसतं इचारतोय. ते कोण ठरवायचं?"

कंपनीला दिलेल्या अर्जाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. माझ्याकडे एक नगाची पोच आहे. आणि दत्तोबानं विचारलेल्या प्रश्नाबाबत सांगायचं, तर वारंवार संपर्क साधूनही मी प्रतिक्रियेसाठी उपलब्ध होऊ शकलो नाही.